महाशीर आता धरावा का?

कावेरीच्या गळाला हा मासा लागला, तर नदीचे अभ्यासक हळहळत नाहीत. तोच मासा कोयनेत लागला, तर त्यांच्या पोटात गोळा येतो. दोन्हीकडे जात एकच, दख्खनी महाशीर. पुण्या-साताऱ्याकडे त्याला खडस किंवा खडशीही म्हणतात. परांवर निळी झाक, ओठ जाडजूड, अंगावर चिलखतासारखे खवले. कर्नाटकात तो पाहुणा आहे आणि यजमानाचे घर बळकावल्याचा त्याच्यावर संशय आहे. सातारा-सांगलीच्या डोंगरपाण्यात मात्र तो घरचा, आणि इथे त्याला अभय आहे. एकाच माशाला दोन नद्यांत दोन उलटे न्याय का लागावेत, हे कळले की ‘त्याला धरू द्यावे का’ या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे हाती येते.

हा प्रश्न आत्ताच निघण्याचे कारण एका यादीत आहे. जगातल्या कोणत्या जीवजातीला किती धोका आहे, याची लाल यादी आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संस्था ठेवते. त्या यादीत दख्खनी महाशीर बरीच वर्षे ‘धोक्यात’ या रकान्यात होता. अलीकडच्या फेरतपासणीत तो मधल्या दोन पायऱ्या ओलांडून थेट ‘फारशी काळजी नाही’ या रकान्यात आला. लोणावळ्याला या माशाची पैदास करणाऱ्या टाटा पॉवरने 2020 मध्ये ही बातमी अभिमानाने जाहीर केली. काळजी मिटली असेल, तर जाळे टाकायला काय हरकत, असे कोयनाकाठच्या कुणा भोयाने विचारले, तर त्याला गप्प बसवण्यात अर्थ नाही. प्रश्न रास्त आहे. कोयना अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झाले, चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. या हद्दी आखल्या वाघासाठी आणि जंगलासाठी. शिवसागर आणि वसंतसागर या जलाशयांचे जे पाणी हद्दीत येते, त्यातला मासा त्यांच्याबरोबर आपोआप सुरक्षित झाला. ज्या गावांची जमीन आधी धरणाने घेतली आणि रान मग अभयारण्याने घेतले, त्यांना हा हिशेब गोड वाटावा, अशी अपेक्षाही कुणी करू नये.

उत्तर शोधण्याआधी मासा नीट पाहून घेऊ. तो त्या लायकीचा आहे.

महाशीरचा एक खवला बोटांत धरून उजेडाकडे करा. मध्यम वयाच्या माशाचा खवलाही नाण्याहून मोठा भरतो. तो पातळ, पारदर्शक असतो आणि त्यावर एकात एक बसलेली वर्तुळे दिसतात. खाणे भरपूर असते तेव्हा ती वर्तुळे विरळ पडतात, हलाखीच्या दिवसांत दाटतात. ती वाचून जाणकार माशाचे वय सांगतो. खवले एवढे मोठे, की डोक्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत ते जेमतेम 25 ते 27 बसतात. रोहूच्या त्याच ओळीत चाळीसच्या वर असतात.

आता तोंड उघडा. दात नाहीत. ओठ मऊ आणि मांसल, बाजूला मिशांच्या दोन जोड्या. या असल्या तोंडाने हा प्राणी खेकडे आणि शिंपले खातो यावर विश्वास बसत नाही. दात आहेत, पण ते घशात. कार्प कुळातल्या सगळ्याच माशांचे दात घशाच्या हाडावर असतात, महाशीरचे विशेष दणकट. ओठांनी भक्ष्य ओढून घ्यायचे आणि आत गेल्यावर चिरडायचे. खाण्याच्या बाबतीत त्याला काही वर्ज्य नाही. शेवाळ, किडे, लहान मासे चालतात, आणि काठावरच्या उंबराची किंवा जांभळाची फळे टपटपली की त्यांच्यावरही तो तुटून पडतो. नदीकाठची झाडे तोडली की त्याच्या ताटातला एक पदार्थ कमी होतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

याहून नवल पेशीच्या आत आहे. रोहूच्या पेशीत 50 गुणसूत्रे असतात, महाशीरच्या पेशीत 100. लाखो वर्षांपूर्वी याच्या पूर्वजांत गुणसूत्रांचा सगळा संच एकदा दुप्पट झाला आणि तो तसाच वंशात टिकला. (आपल्या पेशीत 46 असतात. तेव्हा आकड्यावरून अकलेचा अंदाज कुणी बांधू नये.)

पण धरू द्यावे की नाही, या वादात सगळ्यात महत्त्वाची आहेत ती त्याची अंडी. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी घालते, महाशीरची मादी काही हजारांवर थांबते. रोहूचे अंडे प्रवाहाबरोबर तरंगत जाते आणि दिवसभराच्या आत फुटते. महाशीरचे लिंबाच्या रंगाचे टपोरे अंडे जड असते, ते तळाच्या गोट्यांत जाऊन बसते आणि फुटायला तीन-चार दिवस घेते. बाहेर आलेले पिल्लू पुढचे काही दिवस खडकाच्या सांदीत डोके खुपसून पडून राहते. म्हणजे जवळपास आठवडा-दीड आठवडा ही नवी पिढी नदीच्या तळाशी हालचालीविना असते. तिथले पाणी वाहते, स्वच्छ आणि हवेने भरलेले हवे. त्यावर गाळाचा एक थर बसला, की त्या वर्षाची पिढी संपली.

या माशाची शास्त्रात पहिली नोंद झाली तीही आपल्याच मुलखात. विल्यम सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करून 1839 मध्ये त्यांची वर्णने छापली. महाशीर त्याला पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळाला होता. सायक्सने एक शहाणपणा केला. कोळी-भोयांनी जी नावे सांगितली, तीच त्याने लॅटिन वळणाने लावून टाकली. त्यामुळे आजही हा मासा जगभर ‘टोर खुड्री’ आहे आणि नाकाड्या तोंडाचा एक दुर्मिळ मासा ‘नुक्ता’ आहे. ज्यांना आज आपण संरक्षणातला अडथळा समजतो, त्यांच्या बोलीवरच शास्त्राची ही यादी उभी आहे.

यानंतरची गोष्ट लोणावळ्याची. टाटांच्या वीजकेंद्रांसाठी बांधलेल्या वळवण तलावात महाशीर टिकून होता आणि पावसाळ्यात ओढ्यांच्या तोंडाशी गोळा होत होता. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यात काम केलेल्या डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी त्याच्या विणीचा अभ्यास करून 1971 च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे कृत्रिम पैदास यशस्वी केली. पोट टच्च भरलेली मादी अलगद दाबून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे रेत सोडायचे, हलक्या हाताने मिसळायचे आणि धुऊन ट्रेमध्ये पसरायचे. इथवर इतर माशांसारखेच. पुढचा भाग मात्र थक्क करणारा आहे. महाशीरचे फळलेले अंडे पाण्याशिवाय, नुसत्या ओल्या कापसात तग धरते. मग पाण्याची पिंपे वाहायचीच कशाला? डब्यात ओला कापूस, त्यावर अंडी, वर पुन्हा कापूस. असे डबे लांबलांबच्या प्रांतांत गेले. पुढे लाखो पिल्लेही देशभर वाटली गेली आणि त्यातली काही कावेरीत सोडली गेली.

हेतू अगदी चांगला होता. कावेरीत महाशीर कमी होत चालला आहे, तर महाशीर सोडू या. चूक एवढीच, की कावेरीचा महाशीर वेगळा होता. त्याच्या पाठीला वशिंड असते आणि तो जगातला सर्वांत मोठा महाशीर आहे. कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी गळाने पकडलेला 120 पौंडांचा, म्हणजे जवळपास 54 किलोंचा मासा याच जातीचा. तरी शास्त्रात त्याला धड स्वतःचे नाव नव्हते. सायक्सने दख्खनमधल्या एका दुसऱ्याच माशाला दिलेले ‘मुसुल्ला’ हे नाव चुकून त्याला चिकटले होते. त्याची नेमकी ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी पटली ती थेट 2018 मध्ये, आणि ओळख पटली तेव्हा तो ‘अतिगंभीर धोक्यात’ या रकान्यात जाऊन पोचला होता.

त्याची ही घसरण कुणी मोजली? कोणत्याही खात्याने नव्हे. मोजली गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांनी. कावेरीकाठच्या छावण्यांत महाशीर गळाने पकडायचा, वजन करायचे, वहीत लिहायचे आणि परत पाण्यात सोडायचा, असा खेळ चालायचा. 1998 ते 2012 या काळातल्या त्या वह्या अभ्यासकांनी नंतर उलगडल्या. निळ्या परांचे आपले दख्खनी मासे वर्षागणिक वाढत गेलेले दिसले आणि त्यांत लहान-मोठे सगळे होते. वशिंडाचे मासे कमी होत गेले. पण जे लागत होते, ते दरवर्षी आधीच्याहून मोठे! वरवर पाहता ही आनंदाची बातमी वाटते. पण अर्थ नेमका उलटा आहे. फक्त म्हातारे उरले होते, नवी पोरे जन्माला येत नव्हती. या घसरणीला एकटा दख्खनी महाशीर जबाबदार नाही. वाळूउपसा, धरणे, सुरुंग लावून मासेमारी हे सगळे जोडीला आहेच. पण तो सोडला गेला आणि वाढला, त्याच काळात मूळचा मालक मावळला, हे त्या वह्यांत स्पष्ट दिसते.

आणि 2012 मध्ये वह्याच बंद झाल्या. अभयारण्यात गळ टाकणे म्हणजे शिकार, मग मासा परत सोडा की सोडू नका, असा कायद्याचा अर्थ लागला आणि छावण्यांतला खेळ थांबला. तेव्हापासून तिथे वाद धुमसतो आहे. गळवाल्यांचे म्हणणे असे, की आम्ही होतो म्हणून सुरुंगवाले घाबरून होते, आमच्या पैशावर राखणदार पोसले जात होते. दुसरी बाजू म्हणते, की अभयारण्यात करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याच्या जबड्यात आकडा घालणे हेच मुळात चूक. मला दुसरे म्हणणे तत्त्व म्हणून पटते. पण वह्या बंद झाल्याचे दुःखही खरे वाटते.

बंदी उठवायची तर कशी, याचा एक नमुना अमेरिकेत फ्लोरिडाने घालून दिला. तिथला गोलायथ ग्रूपर हा गाडीएवढा वाढणारा समुद्री मासा 1990 मध्ये पूर्ण बंदीखाली गेला. 33 वर्षांनी, 2023 मध्ये, दार किलकिले झाले. वर्षाला फक्त 200 मासे, परवाने सोडतीने, हंगाम मार्च ते मे. मापही ठरलेले, 24 ते 36 इंच. म्हणजे धरायची ती पोरसवदा, मोठ्यांना हात लावायचा नाही. एक थोराड मादी अनेक तरुण माद्यांहून जास्त अंडी देते, हे त्यामागचे गणित. तरी पाणबुड्यांनी विरोध केलाच, कारण त्यांच्या धंद्याला ताटातल्या माशापेक्षा समुद्रातला जिवंत मासा जास्त पैसे मिळवून देतो. ही अर्धवट मोकळीक तरी फ्लोरिडाला का देता आली? कारण तिथे वर्षानुवर्षांची मोजणी हाताशी होती.

आता घरी येऊ. लाल यादीतला रकाना बदलतो तो सगळ्या जातीचा मिळून, जगभरचा. कोयनेच्या एका फाट्यावर किती मासे आहेत, हे तो सांगत नाही. आणि कोयनेच्या, कृष्णेच्या, वारणेच्या उगमाकडचे पाणी आता तुकड्यातुकड्यांत कापलेले आहे. कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, मग उरमोडी, तारळी, कोयना, वारणा. महाबळेश्वराच्या रांगेतून पूर्वेला उतरणारी एखादी मोठी नदी धरणावाचून कऱ्हाडला पोचते का, ते नकाशावर शोधून पाहा. महाशीरला विणीसाठी वर चढायचे असते, आणि 103 मीटर उंचीचे कोयना धरण कुठलाही मासा चढू शकत नाही. धरणाखालचे मासे खालीच राहिले, वरचे वरच अडकले. वरच्यांचे त्या मानाने बरे चालले असावे. शिवसागराला मिळणाऱ्या सोळशी, कांदाटीसारख्या वाहत्या पाण्यांत त्यांना गोटे सापडतात. वळवणच्या तलावात तेच घडत आले आहे.

खालच्या अंगाला एक गंमत आहे. सांगलीकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळ्याआधी बरगे काढून मोकळे करतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा घालतात. पुराला वाट मिळावी म्हणून शोधलेली ही युक्ती माशांनाही नेमकी विणीच्या महिन्यांत वाट देते. कोणत्याही अभियंत्याने माशाचा विचार करून हे केलेले नाही. तरी ते झाले. पण वाट मोकळी असून भागत नाही, पाणीही हवे. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मरून अक्षरशः खच पडला होता. उन्हाळ्यात थांबलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळले, की विरघळलेला ऑक्सिजन संपतो आणि जास्त हवा मागणारे मासे आधी जातात. महाशीर अशांपैकीच.

आणि जाळ्याचे काय? आपल्याकडचा सगळ्यात घातक काळ अभयारण्याबाहेरच आहे. पहिल्या दमदार पावसात ओढ्यांना लाल पाणी आले, की चढणीचे मासे धरायला गावच्या गाव बाहेर पडते. लहानपणी ज्याने ही मजा केली नाही, तो घाटमाथ्याचा म्हणायचाच नाही! पण चढणीचा मासा चढतो तो अंडी घालायलाच. पोटात गाभोळी घेऊन. काही हजार अंड्यांची महाशीरची मादी ओढ्याच्या तोंडाशी धरली, तर वर सांगितलेले सगळे गणित कोसळते. समुद्रातल्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै ही बंदी आपण निमूट पाळतो. ओढ्याला तसा शिरस्ता नाही. सुरुंग आणि विष यांना मात्र 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी जिलेटिनचा आवाज खोऱ्यांत अधूनमधून ऐकू येतोच.

लोक माशाला राखतच नाहीत, असेही नाही. महाबळेश्वराच्याच डोंगराच्या पश्चिमेला, महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. पाण्यात मुरमुरे टाकले की मोठमोठे मासे वर येतात. तिथे पहारेकरी लागत नाही, देवीचा धाक पुरतो. फक्त हा धाक एका डोहापुरता चालतो, सगळ्या नदीला नाही.

माझे मत सांगतो. कोयना-चांदोलीच्या हद्दीतली बंदी आज उठवू नये. ती उठवायला लागणारी मोजणीच आपल्यापाशी नाही, आणि ‘फारशी काळजी नाही’ हा शेरा या खोऱ्यांची मोजदाद करून दिलेला नाही. लोणावळ्याची पिल्ले आणून इथल्या वाहत्या नद्यांत ओतण्याचीही घाई करू नये. कावेरीने तो धडा महागात शिकवला आहे. याउलट ज्या बंदिस्त तलावांत मुद्दाम महाशीर सोडला आहे, तिथे मच्छिमार संस्थांनी तो खुशाल धरावा, विकावा, पण माप ठरवून आणि थोराड माद्या सोडून. अभयारण्यापायी ज्यांचे पाणी गेले, त्या भोई-कोळी-कातकरी कुटुंबांना मोजणीच्या कामावर रोजगार द्यावा. सायक्सला माशांची नावे सांगणाऱ्यांच्या पणतवंडांपेक्षा ते काम चांगले कोण करील?

एवढे होईपर्यंत वाचकांनी करण्यासारखे एक साधे काम आहे. आषाढ-श्रावणात बाजारात मोठ्या खवल्यांची, जाड ओठांची, पोट फुगलेली खडस दिसली, तर ती घेऊ नका. आणि तुमच्या गावच्या मच्छिमार संस्थेत ओळख असेल, तर एक वही ठेवायला सांगा: तारीख, जागा, माशाची लांबी, वजन. पाचेक वर्षांच्या अशा वह्या जमल्या, की धरावा का या प्रश्नावर वाद घालायला निदान काहीतरी हाती असेल.